शेजाऱ्याची धार

उल्हास नदीचे पाणी कल्याण-डोंबिवलीत जलकुंभाच्या उंचीतून लाभलेल्या दाबाने घरोघरी पोहोचते. तो दाब साऱ्या आळीचा एकच असतो. नळ खडखडला तर झिजलेला वायसर बदलावा, सैल पाइप भिंतीला आवळावा. धार बारीक झाली तर जाळीतील गाळ काढावा. ही दुरुस्ती निर्दोष होय. थेट जलवाहिनीला मोटर जोडणे मात्र दुरुस्ती नव्हे. मोटर पाणी निर्माण करीत नाही. ती शेजाऱ्याची धार तोडते, आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणीही आत ओढू शकते. ‘सगळेच लावतात’ असे आपण म्हणतो. परंतु सर्वांनी मोटर लावली तरी पाणी तेवढेच राहते. कोरडा राहतो तो मोटर न परवडणारा. ज्याचा रिकामा हंडा आपल्याला दिसत नाही, तो आपला शेजारी नव्हे काय?