पवनी न पाहता रोम बुडवणाऱ्यांना

वह्या तपासून झाल्या. हसू नका, बसा खाली. 'अमेरिका म्हणजे आजचं रोम आहे का?' असा प्रश्न दिला होता. तुम्ही प्रश्नचिन्ह पुसलंत आणि पहिल्याच पानावर अमेरिका बुडवून मोकळे झालात. रोम ऐषआरामानं बुडालं, अमेरिका ऐषआरामी आहे, म्हणून ती बुडणार. याला इतिहास म्हणत नाहीत. पानठेल्यावरच्या गप्पांना उत्तरपत्रिकेत गुण मिळत नसतात.

सगळ्यांनी लिहिलंय, रोम 476 मध्ये संपलं. सगळ्यांनी, त्याच त्या शब्दांत. कोणाची वही कोणाकडे फिरली ते मला विचारायचं नाही. त्या साली सेनानी ओडोएसरनं रोम्युलस ऑगस्टुलस या कोवळ्या पोराला गादीवरून उतरवलं. तेही फक्त पश्चिमेकडे. पूर्वेकडचं रोमन राज्य कॉन्स्टँटिनोपलहून 1453 पर्यंत चाललं. जवळजवळ हजार वर्षं तुम्ही एका ओळीत गिळलीत.

आणि ऐषआराम म्हणजे काय रे? ऑगस्टसच्या वेळी रोमचं चांदीचं नाणं जवळपास शुद्ध होतं. सैन्याचे पगार भागवता भागवता बादशहा त्यात भेसळ करत गेले, आणि 270च्या सुमारास नाण्यातली चांदी शेकडा पाचाच्याही खाली आली. असं कारण लिहायचं असतं. आता अमेरिका घ्या. तिनं 1971 मध्ये डॉलरची सोन्याशी असलेली गाठच सोडली, आणि तरीही जगाचा बराचसा तेलव्यवहार डॉलरमध्येच होतो. हे साम्य आहे की फरक? एकालाही विचारावंसं वाटलं नाही. बारीक एचएमटी आणि जाड धान एका पोत्यात भरलेलं तुमच्या घरी चालत नाही. माझ्या वहीत बरं चालतं!

ही तुलना काही तुम्ही शोधलेली नाही. सिनेट, कॅपिटॉल ही नावं अमेरिकेनं स्वतःच रोमकडून घेतली. इतिहासकार गिबननं रोमच्या ऱ्हासावर लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला खंड 1776चा, आणि अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर केलं तेही 1776लाच. तेव्हापासून लोक हेच दळण दळताहेत. त्यात लाखांदूरच्या पोरापोरींनी काय भर घातली, एवढंच मला बघायचं होतं.

घालता आली असती, आपल्याच भागातला जुना इतिहास शेजारी ठेवून. पवनी शेजारच्या तालुक्यात आहे. तिथे 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणले. तुम्ही पवनीला जाता ते लग्नाला आणि गोसीखुर्दच्या धरणावर फोटो काढायला.

बरं, पवनी राहू द्या, रामटेकजवळचं नगरधन तरी ऐकलंय? तीच वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. पाटलीपुत्राच्या दुसऱ्या चंद्रगुप्तानं आपली मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाला दिली. राजा लवकर गेला, मुलं लहान, म्हणून कारभार प्रभावतीच्या हाती आला. तिचा पुण्यात सापडलेला ताम्रपट नंदिवर्धनाहूनच दिलेला आहे. त्यात वंशावळ कोणाची? सासरची नाही, माहेरच्या गुप्तांची! गुप्तांनी विदर्भ जिंकला नव्हता, इथे सुभेदार नेमला नव्हता, तरी राजपत्रात नाव त्यांचं. पुढे तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर आला, आणि त्याच्या ताम्रपटांत वाकाटकांची वंशावळ पुन्हा पहिली आली. आजोबा उरले आईच्या ओळखीपुरते.

आता सांगा, परक्या देशात सुभेदार न नेमता तळ, कर्ज, करार आणि सल्लागार यांवर वजन राखणारी अमेरिका कोणाच्या जवळची? प्रांत जिंकून तिथे कर बसवणाऱ्या रोमच्या, की लेक देऊन शेजारचा दरबार आपलासा करणाऱ्या गुप्तांच्या? माझं मत गुप्तांकडे झुकतं. पण ते उतरवून घेऊ नका, कारण तिथेही फरक आहेत: गुप्तांकडे अणुबॉम्ब नव्हता आणि सातासमुद्रांवर फिरणारं आरमार नव्हतं. माझं मत खोडून काढणारी वही आली तर मी ती आधी वाचीन.

आणखी एक. तुमच्या लिखाणात अमेरिका बुडण्याचा आनंद फार दिसतो. का? व्हिसा मिळाला तर तुमच्यातले निम्मे उद्याच निघतील. ज्याचा राग येतो आणि ज्याचा हेवाही वाटतो, त्याचं मोजमाप करताना हात दुप्पट सांभाळावा लागतो. रागानं लिहिलेल्या ओळी मी लाल शाईनं खुणावल्यात. त्या वाचा, लाज वाटली तर वाटू द्या.

सोमवारी उत्तर पुन्हा लिहून आणा. वा. वि. मिराशींचं वाकाटकांवरचं पुस्तक मिळवा, निदान प्रभावतीच्या ताम्रपटाचा भाग वाचा. आधी फरक लिहा, साम्य नंतर, आणि प्रत्येकापुढे कारण. ज्या वहीत फरक नसतील ती मी उघडणार नाही.