नेम

मराठी भाषेंत ‘नेम’ हा एक विलक्षण शब्द आहे. शिकारी नेम धरतो, वारकरी एकादशीचा नेम पाळतो, आणि आयुष्याविषयीं बोलतां बोलतां एखादा वडील मनुष्य सुस्कारा सोडून म्हणतो कीं, याचा कांहीं नेम नाहीं. लक्ष्यावर खिळलेली दृष्टि, न चुकतां पाळलेलें व्रत आणि ज्यावर विसंबतां येईल अशी निश्चिति, हे तीन अर्थ या दोन अक्षरांत एकत्र नांदतात. एकाच वस्तूंत ते तिन्ही पाहावयाचे असतील, तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंड, जर्मनी व अमेरिका या देशांत तयार झालेली लक्ष्यवेधाची रिमफायर रायफल हातीं घेऊन पाहावी. ऐंशी-नव्वद वर्षांच्या या रायफली तेथील हौशी मंडळी आजही जिवापाड जपतात. त्या नुसत्या भिंतीवर टांगलेल्या नसतात. सुटीच्या दिवशीं त्या मैदानावर नेऊन कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडावयाच्या, आणि घरीं येऊन नळी पुसून ठेवावयाची, असा क्रम वर्षानुवर्षें चालतो. या ओढीचें मूळ कशांत आहे, आणि शस्त्रकुळांत जन्मलेल्या वस्तूवर असें प्रेम करणें विवेकी माणसास शोभतें काय, या दोन प्रश्नांचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

प्रथम या वस्तूची थोडी ओळख करून घेऊं. १८४५ च्या सुमारास फ्लोबेर नांवाच्या फ्रेंच कारागिरानें बंदुकीच्या तांब्याच्या टोपींतच एक चिमुकली गोळी बसविली. दिवाणखान्यांत नेमबाजीची करमणूक करतां यावी, हा त्याचा हेतु. पुढें १८५७ सालीं अमेरिकेंतील स्मिथ अँड वेसन या कंपनीनें त्याच कल्पनेंत दारूची भर घालून ०·२२ इंचाचें काडतूस काढलें, आणि १८८७ मध्यें ‘लाँग रायफल’ नांवाचें तें काडतूस अवतरलें, जें आजतागायत जगभर चालत आलें आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागीं पेट घेणारी टोपी असते. यांत ती नसते. बुडाच्या पोकळ कडेंतच स्फोटक द्रव्य पसरलेलें असतें, आणि चाप दाबतांच आंतील टोंचणी त्या कडेस चेंगरते. कड चेंगरली जावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि पातळ पत्र्यास फार दाब सोसत नाहीं. त्यामुळें हें काडतूस स्वभावतःच सौम्य राहिलें. स्पर्धेंतील गोळी तर मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून किंचित् मंद, सेकंदास सुमारें ३३० मीटर या वेगानें सोडतात. कारण ध्वनीची मर्यादा ओलांडून परत खालीं उतरतांना होणारी चलबिचल तिच्या अचूकपणास मानवत नाहीं. शक्ति आटोक्यांत ठेवावी तेव्हां सत्य हातीं लागतें, असा हा प्रकार आहे.

या सौम्यतेंतच त्या रायफलीच्या दीर्घायुष्याचें रहस्य आहे. मऊ शिशाची, मेणाचा वा चरबीचा हात दिलेली गोळी पोलादाच्या नळीस फारच थोडी झिजविते. हजारों गोळ्या गेल्या तरी नळी चांगली राहते. तिचा खरा वैरी गंज. १९२० च्या दशकापर्यंत काडतुसांतील स्फोटक द्रव्यांत पोटॅशियम क्लोरेट वापरण्याची सर्रास चाल होती. तें जळल्यावर नळींत एक प्रकारचें मीठ उरे, तें हवेंतील दमटपणा ओढून घेई, आणि नळी वेळींच साफ न केल्यास तिचा आरशासारखा अंतर्भाग डागाळून जाई. म्हणून त्या काळांतील एखादी रायफल उजळ नळीनिशीं आज आपल्यापुढें येते, तेव्हां ती एका माणसाविषयीं साक्ष देते. तो थकला असेल, त्या दिवशीं हरला असेल, बाहेर पाऊस असेल. तरी निजण्यापूर्वीं त्यानें नळींतून चिंधी फिरविली होती. त्या माणसाचें नांव आपणांस ठाऊक नसतें. त्याचा नेम मात्र ठाऊक होतो.

परंतु निगा राखलेल्या वस्तु जगांत पुष्कळ आहेत. या रायफलीची ओढ त्याहून खोल आहे, आणि ती आम्हांस ज्या प्रसंगानें उमगली तो सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. महाविद्यालयांत असतांना आम्ही राष्ट्रीय छात्रसेनेंत होतों. वर्षांतून एकदां गोळीबाराच्या मैदानावर नेऊन, पालथें पाडून, पंचवीस यार्डांवरच्या कागदावर प्रत्येकाकडून ०·२२ च्या पांच गोळ्या झाडून घेत. आमच्या पांच गोळ्यांपैकीं दोन कागदास लागल्या. त्या दोहोंमध्यें वीतभर अंतर होतें. आम्हीं उठतांच सांगून टाकलें कीं, रायफलीची माशी वांकडी आहे. उस्तादांनीं कांहींएक न बोलतां तीच रायफल घेतली, शेजारीं पालथे झाले आणि पांच गोळ्या झाडल्या. कागद आणून पाहतों तों पांचही भोंकें रुपयाच्या नाण्याखालीं झांकतील इतकीं जवळ! तीं मधल्या काळ्या ठिपक्यापासून बरींच डावीकडे होतीं, हें मात्र खरें. उस्ताद म्हणाले, “माशी वांकडी आहेच. पण माशी वांकडी असली म्हणजे गोळ्या एका बाजूस जातात. चार दिशांस जात नाहींत.”

त्या एका वाक्यानें आम्हांस जें शिकविलें तें कोणत्याही नीतिपाठांत सांपडलें नव्हतें. साधनाचा दोष असतो; परंतु तो एकसारखा असतो, मोजतां येतो, दुरुस्त करतां येतो. चार दिशांस पांगणारा दोष आपला. मनुष्य आयुष्यभर या दोन दोषांची सरमिसळ करून स्वतःस वांचवीत असतो. नोकरींत, संसारांत, लेखनांत सर्वत्र माशीच वांकडी असते! आणि हें पूर्णपणें खोटेंही नसतें, म्हणूनच तें सोडवत नाहीं.

जुन्या लक्ष्यवेधी रायफलीच्या कारागिरांनीं हीच पळवाट बंद करण्यांत आपलें आयुष्य वेंचलें. सुमारें १९२० पासून पुढें साठ वर्षें बनत राहिलेली अमेरिकेची विंचेस्टर ५२ घ्या, किंवा बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याची मार्टिनी जातीची रायफल घ्या. नळी जड, कारण जड वस्तु सहजासहजीं हलत नाहीं. चाप असा कीं, तो केव्हां सुटेल हें बोटास अगोदर नेमकें कळावें. चाप सुटल्यापासून काडतूस पेटेपर्यंतचा काळ सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांवर आणलेला. कारण तेवढ्या अवधींतही मनुष्याचा हात थरथरतो. लक्ष्य पन्नास मीटरांवर, आणि आजच्या नियमांप्रमाणें त्यांतील सर्वांत आंतलें दहा गुणांचें वर्तुळ १०·४ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढें. पालथें पडून पट्ट्यानें रायफल दंडाशीं बांधली कीं, माशी नाडीच्या ठोक्यासरशीं उडतांना दिसते. आपण शांत आहों अशी आपली समजूत असते, आणि समोरची माशी तिला दुजोरा देत नाहीं. साधन इतकें खरें झालें कीं, उरलेली चूक ती सर्व आपली. ज्यास खोटी स्तुति आवडत नाहीं, त्यास असा सोबती हवासा वाटावा यांत नवल नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, ही सारी जुन्याची भक्ति आहे. आजच्या रायफली याहून अचूक आहेत. आहेतच. त्यांचा दस्ता खांद्याच्या, गालाच्या, हाताच्या मापानें हवा तसा सरकवितां येतो, आणि स्पर्धा जिंकावयाची असेल तर त्याच घ्याव्या. जुन्या रायफलीचा दस्ता अक्रोडाच्या एका लांकडाचा. ती आपल्या मापाची होत नाहीं, आपणांसच तिच्या मापाचें व्हावें लागतें. शिवाय ती आपल्या आधीं दुसऱ्याची होती व आपल्यामागें तिसऱ्याची होणार, हें तिला पाहतांच कळतें. अशा वस्तूचा मनुष्य धनी होत नाहीं, विश्वस्त होतो. जुनेपण हा तिचा गुण नव्हे. जुनेपणामुळें हें नातें डोळ्यांपुढें राहतें, एवढेंच.

आतां दुसरा व अधिक कठीण आक्षेप. ही वस्तु शस्त्र आहे. फ्लोबेरचा हेतु करमणुकीचा होता, हें सांगून सुटका होत नाहीं. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत ब्रिटिश सैनिकांची नेमबाजी उणी पडली, तेव्हां १९०१ सालीं इंग्लंडांत कामकरी लोकांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली, आणि लॉर्ड रॉबर्ट्स यांनीं त्या चळवळीचा हिरिरीनें पुरस्कार केला. ज्या छोट्या रायफलींचें आज इतकें कौतुक होतें, त्यांतील पुष्कळ या क्लबांसाठीं घडल्या. कांहींचा सांगाडा तर लष्करांतून निघालेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचाच होता. नुसती नळी बारीक बसविली. कागदावर नेम धरावयाचा तो उद्यां माणसावर धरतां यावा म्हणून. आणखी एक गोष्ट आपणांस विसरतां येणार नाहीं. हेच रॉबर्ट्स त्यापूर्वीं हिंदुस्थानचे सरसेनापति होते, आणि त्या हिंदुस्थानांत १८७८ च्या कायद्यान्वयें सामान्य प्रजाजनास परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी होती. एकच वस्तु तेथें नागरिकाचें कर्तव्य होती आणि येथें अपराध!

आपल्याकडील उदाहरण याहून पुरातन आहे. द्रोणाचार्यांनीं शिष्यांच्या परीक्षेसाठीं झाडावर ठेवविलेला पक्षी महाभारताप्रमाणें कृत्रिम होता. अर्जुनानें त्याचें मस्तक उडविलें तेव्हां कोणाचाही प्राण गेला नाहीं. परंतु तोच नेम पुढें कुरुक्षेत्रावर आप्तांवर रोखला गेला. कृत्रिम पक्षी निर्दोष होता. तेवढ्यानें विद्या निर्दोष ठरली नाहीं.

आणि सौम्य काडतूसही प्राण घेतें. १९६८ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट केनेडी यांस मारणारी गोळी ०·२२ चीच होती. त्याहून विदारक प्रसंग १३ मार्च १९९६ चा. स्कॉटलंडांतील डनब्लेन या गांवच्या प्राथमिक शाळेंत एका इसमानें सोळा मुलें व त्यांची शिक्षिका यांस ठार मारलें. त्याच्याजवळचीं पिस्तुलें परवान्याचीं होतीं. १९९७ मध्यें ब्रिटनमध्यें लागोपाठ दोन कायदे झाले. पहिल्यानें मोठीं पिस्तुलें गेलीं. दुसऱ्यानें ०·२२ चीं, ज्यांनीं लोक केवळ कागदावर नेम धरीत, तींही गेलीं. रायफली परवान्यावर राहिल्या. ज्यांनीं जन्मभर कोणासही दुखविलें नव्हतें, अशा माणसांनीं आपलीं जपलेलीं लक्ष्यवेधाचीं पिस्तुलें सरकारांत जमा केलीं. आमचा काय अपराध, असें त्यांनीं विचारलें. अपराध कांहींच नव्हता. तरीही, सोळा मुलांच्या आईबापांपुढें उभें राहून तोच प्रश्न विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें.

मग आमचें म्हणणें काय? कारागिरी उत्तम असली म्हणून वस्तु निष्पाप होत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. सुंदर तलवारही तलवारच. परंतु वस्तूचा जन्म कोणत्या हेतूनें झाला एवढ्यावर तिचें सारें चरित्र ठरतें, हेंही आम्हांस पटत नाहीं. युद्धांतील गोळी दुसऱ्याचा निकाल लावते. लक्ष्यावरील गोळी झाडणाऱ्याचा निकाल सांगते. या दोहोंतील अंतर पोलादांत नसतें, माणसांत असतें, आणि म्हणून तें दररोज नव्यानें राखावें लागतें. हेंच नेमाचें व्रत. ज्या गृहस्थास आपली रायफल कुलुपांत ठेवण्याचा, परवाना वेळच्या वेळीं दाखविण्याचा, शेजाऱ्याच्या भीतीचा आदर करण्याचा कंटाळा येतो, त्याचें प्रेम अचूकपणावर नसून सामर्थ्यावर आहे असें खुशाल समजावें. ज्याचें प्रेम अचूकपणावर आहे, त्यास हे निर्बंध नळी पुसण्यासारखेच वाटतील. आणि समाजानें उद्यां ती वस्तु परत मागितली, तर दुःख होऊनही जो ती देईल, तोच तिचा खरा विश्वस्त.

आपल्या महाराष्ट्राचा या विद्येशीं संबंध नाहीं असें मात्र नव्हे. २०१० सालीं म्युनिक येथील जागतिक स्पर्धेंत पन्नास मीटर प्रोन प्रकारांत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं सुवर्णपदक मिळविलें. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें त्याच कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं पन्नास मीटर अंतरावर गुडघ्यावर बसून, पालथें पडून व उभें राहून अशा तीन स्थितींतील स्पर्धेंत कांस्यपदक जिंकलें. रायफली नव्या होत्या. काडतूस जातीनें तेंच १८८७ चें. साऱ्या जिल्ह्यानें त्या दिवशीं आनंद केला, आणि त्यांत रक्ताचा एक थेंबही नव्हता.

आमच्याजवळ रायफल नाहीं, आणि ती घेण्याचा विचारही नाहीं. छात्रसेनेंतील तो पांच भोंकांचा कागद मात्र आम्हीं उस्तादांकडून मागून घेतला होता, आणि तो अद्यापि जपून ठेविला आहे. एखाद्या कामांत अपयश येऊन दोष कोणावर ढकलावा अशा विचारांत असतांना आम्ही तो काढून पाहतों, आणि आपल्या गोळ्या एका बाजूस गेल्या कीं चार दिशांस, हें आधीं मोजतों.