शिकलेला कोणाला म्हणावे?

कुत्र्याचा विषय निघाला की आपल्या घरांमध्ये बहुधा दोनच गोष्टी सांगितल्या जातात. ज्या घरात कुत्रा असतो तेथे फरिश्ते येत नाहीत ही एक, आणि त्याने तोंड घातलेले भांडे पुन्हा पुन्हा धुवावे लागते ही दुसरी. दोन्ही गोष्टींना हदीसचा आधार आहे आणि त्यांचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. पण त्याच हदीस ग्रंथांत शिकारीसाठी, गुरामेंढरांच्या राखणीसाठी आणि शेतासाठी पाळलेल्या कुत्र्याला मोकळीक आहे, हे सांगायचे राहून जाते. कुरआन शरीफमध्ये तर शिकारी जनावराला शिकवण्याचा उल्लेख थेट ज्ञानाच्या संदर्भात आला आहे. आम्ही शाळेत शिकवणारी माणसे. म्हणून या शेवटच्या गोष्टीपाशी थोडे थांबावे असे आम्हाला वाटते.

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत काय हलाल आहे हे सांगताना शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांनी धरलेल्या शिकारीचा समावेश केला आहे. तुम्ही त्यांना जे शिकवता ते अल्लाहने तुम्हाला दिलेल्या ज्ञानातूनच शिकवता, असा तिथला आशय आहे. विचार करा. ससा तोच, दात तेच, जखमही तशीच. न शिकलेल्या कुत्र्याने मारलेला ससा मुर्दार ठरतो आणि बिस्मिल्लाह म्हणून सोडलेल्या, शिकलेल्या कुत्र्याने मारलेला हलाल ठरतो. दोन कुत्र्यांमध्ये फरक आहे तो फक्त तालीमचा. चौदाव्या शतकातील विद्वान इब्न कय्यिम यांनी इल्मची थोरवी सांगताना नेमका हाच दाखला दिला आहे. ज्ञानामुळे कुत्र्याचाही दर्जा बदलतो, मग माणसाचा का बदलू नये?

पण येथेच खरा प्रश्न उभा राहतो. शिकलेला कोणाला म्हणावे?

फिकहच्या ग्रंथांनी हा प्रश्न टाळलेला नाही. बाराव्या शतकात बुरहानुद्दीन मर्गीनानी यांनी लिहिलेल्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात शिकारीच्या प्रकरणात याची फार मार्मिक चर्चा आहे. कुत्रा शिकला हे कशावरून ओळखायचे? तर धरलेली शिकार त्याने स्वतः न खाता तशीच ठेवली यावरून. इमाम अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद यांच्या मते असे तीन वेळा घडले म्हणजे कुत्रा शिकला. इमाम अबू हनीफा यांनी मात्र आकडा बांधून देण्यापेक्षा शिकाऱ्याच्या पारखीवर भर दिला. आणि बाज? बाजाने शिकारीत चोच घातली तरी चालते. त्याची परीक्षा वेगळी आहे: हाक मारली की तो परत येतो की नाही.

दोघांना दोन कसोट्या का? कारण ‘हिदाया’त दिलेले आहे. शिकल्याची खूण म्हणजे स्वभावाने अंगवळणी पडलेली गोष्ट सोडणे. बाज मुळात रानटी. माणसापासून दूर उडून जाणे हा त्याचा स्वभाव. तो परत आला म्हणजे शिकला. कुत्रा तर माणसाळलेलाच असतो, त्याने परत येण्यात विशेष काय? झडप घालून ओरबाडणे हा त्याचा स्वभाव. म्हणून तोंडात आलेला घास त्याने सोडला म्हणजे तो शिकला.

आठशे वर्षांपूर्वीचा हा विचार वाचताना आम्हाला आमचे वर्ग आठवतात. एका वर्गात साठ मुले, आणि साठांना एकच प्रश्नपत्रिका. जो मुलगा जन्मतःच गप्प आहे त्याच्या गप्प बसण्याला आम्ही शिस्त म्हणतो. जी मुलगी मुळातच धीट आहे तिच्या भाषणाला आम्ही आमच्या शिकवण्याचे यश म्हणतो. खरे तर गप्प मुलगा एक दिवस उभा राहून प्रश्न विचारील तेव्हा तो शिकला, आणि धीट मुलगी दुसऱ्याचे शेवटपर्यंत ऐकून घेईल तेव्हा ती शिकली. बाजाची कसोटी कुत्र्याला लावू नये एवढे फकीहांना कळत होते.

आता हे शिकवणे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. अरबस्तानात सलूकी, आपल्याकडे दख्खनमध्ये मुधोळ किंवा कारवान. लांब पायांचे, निमुळत्या तोंडाचे, वासापेक्षा नजरेवर धावणारे हे कुत्रे. सोलापूर-लातूरकडे यातल्याच केसाळ जातीला पश्मी म्हणतात. दहा ते चौदा दिवसांत पिल्लाचे डोळे उघडतात. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा. या दिवसांत माणसाचा हात, आवाज आणि वास ओळखीचा झाला नाही, तर पुढे ते पिल्लू माणसाला बिचकतच राहते. म्हणजे शिकवणीची सुरुवात हुकमाने होत नाही, ओळखीने होते.

मग नाव घेऊन हाक मारायची आणि आले की घास द्यायचा. पुढे लांब दोरी बांधून ‘थांब’ शिकवायचे. कापडाची गुंडाळी फेकून ती परत आणायला लावायची. पिल्लाने आणलेली वस्तू तोंडातून हिसकावली तर ते पुढच्या वेळी दात अधिक घट्ट रोवते. म्हणून बदल्यात दुसरे काही देऊन ती सोडवून घ्यायची. बंदुकीचा आवाज ऐकवायचा तो आधी दुरून, खाण्यात रमलेले असताना, आणि हळूहळू जवळून. घाई केली तर जन्मभराची धास्ती बसते. हाडे पक्की होईपर्यंत त्याला जिवाच्या आकांताने धावायलाही लावायचे नसते.

यातला एक नियम आम्हा शिक्षकांनी फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. पळून गेलेले पिल्लू उशिरा परत आले, तर त्याला मारायचे नाही. मारले, तर पळून जाणे वाईट असे ते शिकत नाही. परत येणे वाईट असे शिकते. शाळा चुकवून चौथ्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या मुलाचे आम्ही काय करतो? साऱ्या वर्गासमोर त्याचा पाणउतारा करतो. पाचव्या दिवशी तो येत नाही, आणि मग हजेरीपटावर त्याच्या नावापुढे आणखी एक ‘गैरहजर’ पडतो.

कुणी म्हणेल, ‘हिदाया’तच लिहिले आहे की कुत्र्याचे अंग मार सोसते, म्हणून त्याला मारून शिकवता येते. होय, लिहिले आहे. पण ते कशाने शिकवता येते याचे निरीक्षण आहे, मारलेच पाहिजे असा हुकूम नव्हे. अल्लाहने दिलेल्या ज्ञानातून शिकवायचे, तर ते ज्ञान वाढल्यावर शिकवण्याची रीतही बदलली पाहिजे. मारून तयार केलेला कुत्रा मालक जवळ असेपर्यंतच घास सोडतो. पण शिकार कुठे होते? माळावर, झुडपापलीकडे, मालक दोन शेते मागे असताना. फकीहांची परीक्षा खरी होते ती तिथे, जेथे बघणारे कोणी नाही. माणसाच्या बाबतीत याच गोष्टीला आपण तक्वा म्हणतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारण्यास आणि त्यांच्या मानसिक छळास मनाई केली. छडी गेल्यापासून मुले बिघडली अशी तक्रार आपल्या मोहल्ल्यांत अजून ऐकू येते. छडी जाताच जी शिस्त गेली, ती मुलांची कधी नव्हतीच. ती छडीची होती.

तरीही मूल म्हणजे कुत्रा नव्हे, आणि हे अंतर विसरले तर आमचा सारा विचार फुकट जाईल. तय कबिल्याचे अदी बिन हातिम यांनी शिकारीविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते. त्या हदीसचा आशय असा: कुत्र्याने खाल्ले असेल तर तुम्ही खाऊ नका, कारण मग त्याने ती शिकार स्वतःसाठी धरली. दुसरा कुत्रा त्यात सामील झाला असेल तरीही खाऊ नका, कारण बिस्मिल्लाह तुम्ही तुमच्या कुत्र्यावर म्हटली होती, दुसऱ्याच्या नव्हे. म्हणजे अल्लाहचे नाव घ्यायचे ते सोडणाऱ्याने. जबाबदारी त्याची. कुत्रा कितीही शिकला तरी मला कोणावर सोडता आहात, असे तो विचारू शकत नाही. सशावर सोडा, शेजाऱ्याच्या शेळीवर सोडा, तो धावेल.

मुलाला मात्र हे विचारता आले पाहिजे. आज चांगली शिकलेली, हुशार, आज्ञाधारक मुले कोणाच्या तरी इशाऱ्यावर दुसऱ्या वस्तीवर धावून जाताना आपण पाहतो. प्रत्येक समाजात पाहतो. सोडणारे घरी सुरक्षित असतात. त्या मुलांना ‘धाव’ आणि ‘थांब’ शिकवले गेले. कोणाच्या सांगण्यावरून धावायचे, हे कोणी शिकवले नाही. आज्ञा पाळणे ही कुत्र्याच्या तालीमची शेवटची पायरी आहे, माणसाच्या तालीमची ती पहिली असावी.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचे दिवस सरले, आणि ते बरेच झाले. निव्वळ करमणुकीसाठी जीव घेणे उलेमांनीही कधी पसंत केले नाही. २०१६ पासून मीरतच्या लष्करी केंद्रात मुधोळची पिल्ले शिकू लागली. शिकवणे तेच राहिले, काम बदलले. कोणत्या कामावर सोडायचे हे अखेर माणूसच ठरवतो.

दर जूनमध्ये आमच्यापुढे नवी मुले येऊन बसतात. त्यांनी काय पाठ केले याचा हिशेब प्रगतिपुस्तकात मिळेल. पण कोणी पाहत नसताना त्यांनी कोणता घास सोडला, आणि कोणाची चुकीची हाक ऐकूनही ती जागची हलली नाहीत, याचा हिशेब आम्हाला द्यावा लागणार आहे. तो देता आला, तर ती शिकली असे म्हणू, आणि आम्ही शिकवले असेही.