खरारा आणि खिजाब

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार भरतो, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. दूरदूरच्या प्रांतांतले घोडे तेथे येतात. खरेदी-विक्री होते, चाली दाखवितात, देखण्या घोड्यांच्या स्पर्धाही होतात. मागे एकदा या यात्रेच्या आठ-दहा दिवस आधी एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. प्रश्न घोडीचा होता, पण तो आमच्याच अंगावर आला. म्हणून येथे मांडतो.

त्यांची घोडी काळी, उमदी, कान टोकाशी एकमेकांना भिडणारे. लहानपणी तारेच्या कुंपणात खांदा फाटला होता. जखम भरली, पण त्या जागी पांढरे केस आले. ते म्हणाले, "बुवा, बाजारात काळा खिजाब मिळतो. तेवढ्या डागाला लावला तर घोडी एकसारखी काळी दिसेल. चालीत तिच्या खोट नाही, लाथ नाही, चावणं नाही. चार पैसे जास्त आले तर लेकीची पुढची फी भागेल. मग यात पाप ते काय?"

आम्ही फार विचार न करता म्हणालो, "फसवणूक आहे ती. करू नये." त्यावर ते हसले आणि म्हणाले, "मग धुतलेलं धोतर, कपाळी गोपीचंदन आणि नीट बांधलेला फेटा घालून तुम्ही कीर्तनाला उभे राहता, ते कशासाठी? आम्ही घोडी सजवतो, तुम्ही स्वतःला सजवता."

खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. सजविणे वाईट म्हणावे, तर आपण पालखीला फुलांनी मढवतो, देवाला अलंकार घालतो. सजविणे चांगलेच म्हणावे, तर मग खिजाबाने काय घोडे मारले? आम्ही म्हणालो, "चला, आधी तुमची घोडी पाहू."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या गोठ्यात जाऊन बसलो. ते कामाला लागले. प्रथम एकेक पाय उचलून आकड्याने खूर कोरले, टाचेकडून पुढे. खुराच्या तळाला जो मऊ त्रिकोणी भाग असतो, तो जपून साफ केला. तेथे ओल आणि शेण साचले की कुजते, घाण वास येतो आणि जनावर लंगडू लागते. मग खरारा घेतला. मानेवर, खांद्यावर, पाठीवर, पुठ्ठ्यावर गोल गोल फिरवला. तोंडावर आणि पायांच्या हाडावर मात्र नाही, कारण तेथे मांस नसते, टोचते. मग ब्रशाने केस ज्या बाजूला वळतात त्या बाजूला धूळ झटकली. बाजूला उभे राहून शेपटी बोटांनी मोकळी केली, ओल्या फडक्याने डोळे आणि नाकपुड्या पुसल्या. घोडीने मान खाली टाकली, खालचा ओठ सैल सोडला. अर्धा-पाऊण तास गेला असेल. घोडी लकाकू लागली.

आम्ही विचारले, "तेल लावलंत काय?" ते म्हणाले, "तेल तिचंच आहे. कातड्यातून येतं, खराऱ्यानं केसांवर पसरतं. साबण रोज लावला तर तेच धुऊन जातं. आणि बुवा, नुसत्या खराऱ्यानं होत नाही. पोटात जंत असले, दाणा-वैरण नीट नसली, तर दिवसभर घासा, केस राठ ते राठच. ही चकाकी सहा महिन्यांची आहे."

वाचकहो, आमचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले, आणि तेही त्यांच्याच तोंडून! खराऱ्याने जे दिसू लागले ते घोडीत होतेच. धूळ वर बसली होती, ती निघाली. खिजाबाने जे दिसणार होते ते घोडीत नव्हते. एक हात आहे ते उघडे करतो, दुसरा हात आहे ते झाकतो. दोन्ही हात घोडीच्या अंगावरूनच फिरतात, म्हणून बाहेरून दोहोंना आपण सजविणेच म्हणतो.

"पण डागानं कोणाचं काही बिघडत नाही," असे ते म्हणत. कबूल. परंतु बिघडत नाही हे ठरवायचे कोणी? घेणाऱ्याने. घोड्याच्या बाजारात लोक रंग पाहतात, केसांचे भोवरे पाहतात. कोणाला पटो न पटो, तो त्यांचा हिशेब. डाग दाखवून "हा तारेचा आहे, चालीला धक्का नाही" असे सांगितले, तर घेणारा विचार करून हो-नाही म्हणेल. खिजाब लावला की त्याच्या वाटणीचा विचारच आपण चोरला. पैशाची चोरी मोजता येते, हिची मोजता येत नाही, एवढाच फरक.

सजविण्याची दुसरीही एक बाजू आहे आणि ती अधिक वाईट आहे. खिजाबाने निदान घोड्याला दुखत तरी नाही. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी माणसाने घोड्याला दुःखही पुष्कळ दिले आहे. इंग्लंडात एके काळी बग्गीच्या घोड्यांची मान ताठ दिसावी म्हणून ती लगामाने वर आवळून ठेवीत. अ‍ॅना स्यूएल या बाईंनी १८७७ साली 'ब्लॅक ब्यूटी' हे पुस्तक लिहून घोड्याच्याच तोंडून ते हाल सांगितले. तेथेच शोभेसाठी घोड्याची शेपटी तोडीत. ती चाल १९४९ साली कायद्याने बंद करावी लागली. अमेरिकेत एका जातीच्या घोड्याने पाय उंच उंच टाकावा म्हणून खुराच्या वर जळजळणारी औषधे लावीत. पाय टेकला की आग होई, म्हणून तो उचली, आणि लोक टाळ्या वाजवीत! १९७० साली तेथे याविरुद्ध कायदा झाला. घोड्याच्या तोंडावरचे लांब राठ केस मुखडा गुळगुळीत दिसावा म्हणून कापण्याची रीत तर कालपरवापर्यंत प्रतिष्ठित होती. आपल्या नाकाखालचे घोड्याला दिसत नाही; तो चारा, पाणी, काटा त्या केसांनी चाचपतो. १ जुलै २०२१ पासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने असे केस कापलेला घोडा स्पर्धेत घेणे बंद केले.

म्हणजे कसोट्या दोन झाल्या. पाहणाऱ्याचे डोळे यामुळे उघडतात की झाकतात? आणि पाहणारा कोणीच नसता, तरी हे आपण त्या जिवासाठी केले असते काय? खूर कोरणे, खरारा करणे, डोळे पुसणे हे यात्रा नसली तरी करावेच लागते. भारतयुद्धात जयद्रथवधाच्या दिवशी ऐन रणात भगवंतांनी अर्जुनाच्या रथाचे घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले. तेथे कोण नंबर देणार होते? विटेवर उभा राहिलेला आपला देव असा मोतद्दार झालेला आहे, हे विसरू नये.

आता त्यांचा आमच्यावरचा प्रश्न राहिला. धोतर धुणे हा खरारा आहे. समोर बसलेल्यांचा तो मान आहे. पण आठ दिवस पोथी उघडली नसता कपाळी ठसठशीत गोपीचंदन लावून उभे राहिलो, तर तो खिजाबच. आणि असे आमच्याकडून झालेले आहे. घोड्याच्या खुराची गोष्ट सांगतात की तो महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, वरचा भाग तळाशी यायला वर्षाच्या आसपास लागते. मध्ये आजारपण आले, खाण्यात मोठा फेर पडला, तर त्याची आडवी रेघ खुरावर उमटते. वर काळे पॉलिश फासले तरी हात फिरवणाऱ्याला ती लागते. माणसाचेही तसेच आहे. वर्षभर काय केले त्याच्या रेघा कोठेतरी असतातच.

त्या गृहस्थांनी घोडी डागासकट नेली. स्पर्धेत नंबर आला नाही. गिऱ्हाईक मिळाले, पण मनात धरलेल्या आकड्यापेक्षा कमीत. बोल आमचा, तोटा त्यांचा, ही टोचणी आम्हांस अजून आहे. खरेपणाची किंमत बहुधा ज्याच्याजवळ कमी असते तोच भरतो; उपदेश करणाऱ्याने हे ध्यानात ठेवून बोलावे. आम्ही तसे त्यांस म्हणालोही. ते एवढेच म्हणाले, "घेणाऱ्यानं डागावर हात ठेवून विचारलं, आम्ही सांगितलं. घोडी चांगल्या घरी गेली असं वाटतं."

आषाढीच्या वाटेवर माउलींचा अश्व रिंगणात धावतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून तो पायी चालत आळंदीला येतो. वाटेत त्याची निगा राखणारे हात आपल्याला दिसत नाहीत. त्याच्या पाठीवर कोणी माणूस बसत नाही, कारण ती जागा माउलींची. धाव संपली की लोक वाकतात आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. तेथे घोड्याचा डाग कोणी शोधीत नाही. आपण मात्र आपला शोधावा, आणि झाकण्याआधी रोज पहाटे थोडा खरारा करावा.

राम कृष्ण हरि.