साखर आहे म्हणून अ‍ॅस्पिरिन नको

लोणावळा

चि. विनायक यास,


शेजारच्या तात्यांना चालू आहे म्हणून तूही रोज अ‍ॅस्पिरिन घेऊ लागलास, असे सूनबाईंनी फोनवर सांगितले. रक्त पातळ राहते, साखरही उतरते, अशी तुझी समजूत झाली आहे म्हणे. अरे, तात्यांना हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलाय. त्यांना ती गोळी हवीच आणि त्यांनी ती मनाने बंदही करू नये. तुझे तसे नाही.

साखरेचे बोलणे अगदीच निराधार नाही. अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातल्या सोडियम सॅलिसिलेटने लघवीतली साखर कमी होते, असे मँचेस्टरच्या डॉ. विल्यमसन यांनी १९०१ मध्येच लिहिले होते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात रोज सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन देऊन दोन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर चतुर्थांशाने उतरली. तुझी गोळी ७५ मिलिग्रॅमची. ७ ग्रॅम म्हणजे तशा नव्वदहून जास्त गोळ्या! एवढ्या मात्रेने कान वाजतात, पोटात रक्तस्राव होतो. म्हणून तो उपचार रूढ झाला नाही. तुझ्या एका गोळीवर साखरेची भिस्त ठेवू नकोस.

आता हृदयाचे. ब्रिटनमधल्या ‘असेंड’ चाचणीत हृदयविकार नसलेले १५,४८० मधुमेही होते. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. सरासरी ७.४ वर्षांनंतर, २०१८ मध्ये निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात असे गंभीर प्रसंग ९.६ ऐवजी ८.५ टक्के लोकांना आले. पण मोठा रक्तस्राव ३.२ ऐवजी ४.१ टक्के लोकांना झाला. एका हाताने मिळाले ते बरेचसे दुसऱ्या हाताने गेले.

त्यातून आवणीच्या दिवसांत कंबर धरली की तू दुकानातून दुखण्याची गोळी आणतोस. या दोन गोळ्या एकत्र पोटात गेल्या की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका आणखी वाढतो. शौचाला डांबरासारखे काळे झाले तर घरी थांबू नकोस, तडक दवाखाना गाठ.

या आठवड्यातच सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेव आणि विचार, ‘मला अ‍ॅस्पिरिनची गरज आहे का?’ रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घे. इंद्रायणी तांदूळ आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा, त्याचा अभिमान मलाही आहे. तरी ताटात एकच मूद घे, उसळ-भाजी वाढव. तंबाखू मात्र आजच सोड.

डॉक्टरांनी लिहून दिली तर गोळी नेमाने घे. शेजाऱ्याचे पाहून घेऊ नकोस.

तुझी,
आत्या