उपसागराला वळसा



उपवासकाळाचा चौथा आठवडा आला की राखेच्या बुधवारी केलेले संकल्प सैल पडू लागतात. सोडलेली तंबाखू परत खिशात येते, घरातली संध्याकाळची प्रार्थना मालिकेच्या वेळेपुढे हार मानते. सहसा याच सुमारास, मार्चअखेरच्या रविवारी, कॅनडातील हॅमिल्टन शहरात एक शर्यत होते. तिच्याविषयी आज थोडे सांगावेसे वाटते.

हॅमिल्टन हे ओंटारिओ सरोवराच्या पश्चिम टोकाचे, पोलादाच्या कारखान्यांचे शहर. तेथील उपसागराला वळसा घालणारी तीस किलोमीटरची ही शर्यत प्रथम १८९४ साली, चक्क नाताळच्या दिवशी धावली गेली. बॉस्टनची जगप्रसिद्ध मॅरेथॉन त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाली आणि हॅमिल्टनचे लोक ही गोष्ट अभिमानाने सांगतात. पुढे शर्यत वसंताच्या तोंडावर आली. त्या भागातील धावपटूंचा हंगाम तिच्यापासूनच सुरू होतो.

हंगाम मार्चअखेर सुरू होतो, पण तयारी करावी लागते ती भर हिवाळ्यात. रस्त्यावर बर्फ, पहाटे काळोख, संध्याकाळी पुन्हा काळोख. टाळ्या वाजवायला कुणी नसते. एखाद्या दिवशी पांघरुणातच पडून राहिले तरी कुणाला कळत नाही. कळते ते मार्चमध्ये, कारण या मार्गाचा पहिला भाग बराचसा सपाट आणि चढउतार मागाहून येतात. सुरुवातीला सगळेच जोरात असतात. राखेच्या बुधवारी मंदिर कसे भरलेले असते, ते आपण पाहतोच! त्या दिवशीच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो की दान, प्रार्थना आणि उपवास गुप्तपणे करा, तुमचा पिता गुप्तातले पाहतो.

हॅमिल्टनचा बिली शेरिंग हा रेल्वेत ब्रेक्समन होता. संत पॅट्रिकच्या नावाने चालणाऱ्या क्रीडामंडळाचा तो धावपटू. त्याने ही शर्यत १८९९ आणि १९०३ साली जिंकली. मधल्या काळात, १९०० साली, बॉस्टनमध्ये तो दुसरा आला. पहिला आलेला जॅक कॅफरीही हॅमिल्टनचाच. १९०६ साली अथेन्सला जाण्यासाठी गोळा झालेले पैसे अपुरे पडले, तेव्हा त्याने ते घोड्यावर लावून वाढवले, असे सांगतात. (याचा कित्ता कुणी गिरवू नये.) तेथे तो दोन महिने आधी पोहोचला आणि पोटासाठी रेल्वे स्टेशनवर हमाली करीत सराव करीत राहिला. त्या हमालाकडे कुणाचे लक्ष जाणार? १ मे रोजी तो मॅरेथॉनमध्ये सर्वांच्या पुढे, जवळजवळ सात मिनिटांच्या अंतराने मैदानात शिरला, तेव्हा ग्रीसचा राजपुत्र जॉर्ज त्याच्या बाजूने धावत होता.

हॅमिल्टनच्या मार्गावर वर्षानुवर्षे एक गंमत पाहायला मिळत असे. सव्वीसाव्या किलोमीटरच्या आसपास रस्ता दफनभूमींच्या बाजूने जाई. त्यांतील कॅथलिक दफनभूमीचे नाव ‘पवित्र कबर’. पुढे दमछाक करणारा उभा चढ. नेमका तेथे एक जण काळा झगा घालून, हाती लांब दांड्याचे पाते घेऊन मृत्यूचे सोंग करून उभा राही. थकलेले धावपटू त्याला पाहून हसत आणि चढाला लागत. राख लावताना धर्मगुरू आपल्याला माती असल्याची आठवण देतात, तेव्हा आपण इतके मोकळे हसू शकतो का?

संत पौलाने करिंथकरांस लिहिताना ख्रिस्ती जीवनाला शर्यतीची उपमा दिली. परंतु एका ठिकाणी ही उपमा अपुरी पडते. जो डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी घरी बसला, त्याला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कितीही धावून ती कसर भरून काढता येत नाही. शरीर हिशेब चुकता करतेच. द्राक्षमळ्याचा धनी मात्र दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा बाजारात गेला, रिकामे उभे असलेल्यांना कामाला लावले आणि पूर्ण मजुरी दिली. उन्हातान्हात राबलेल्यांना ते रुचले नाही. आपल्यालाही रुचत नाही, विशेषतः संकल्प पाळलेल्यांना! पण ज्यांचा संकल्प दुसऱ्याच आठवड्यात मोडला, त्यांच्यासाठी तो धनी अजून बाजारात उभा आहे.

ईस्टरला अजून तीन आठवडे आहेत. शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट आहे. त्याआधी अर्धा तास धर्मगुरू प्रायश्चित्त संस्कारासाठी बसतील.