न बुडणारी खतं

‘बुडवणं’ या मराठी क्रियापदाला कर्जाच्या संदर्भात दोन टोकं आहेत. ऋणकोने कर्ज बुडवलं की त्याची पत जाते. संत तुकोबांनी कर्जखतं बुडवली, तर ती गोष्ट साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही हात जोडून सांगितली जाते. परंपरा सांगते, की 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर देहूच्या महाजन घराण्यातल्या तुकोबांनी खतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याच्या हाती दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला. येणं गेलं आणि कुणाकडून येणं होतं, ही आठवणही गेली.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. इथे सोडणारा हात धनकोचा नव्हता. पण कर्ज कागदात जगतं, हे देहूलाही ठाऊक होतं आणि सुप्यालाही.

आज तो कागद नदीत सोडता येत नाही. 2000 साली स्थापन झालेली सिबिल आणि तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्या देशभरच्या कर्जदारांचे हप्ते नोंदवतात. त्यातून 300 ते 900 यांमधला एक आकडा निघतो. गृहकर्ज मिळेल का आणि किती व्याजाने, हे पुष्कळदा त्यावर ठरतं.

समजा, नोकरी गेलेल्या एकाची क्रेडिट कार्डाची बाकी 80,000 रुपये आहे. बँक 50,000 वर तडजोड करते. त्याला वाटतं, सुटलो. या कंपन्यांच्या अहवालात मात्र ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असं लिहिलं जातं आणि पुढचा प्रत्येक धनको ते वाचतो. तीस हजार सोडले, पण आठवण ठेवली. याला माफी म्हणायचं का?

बायबलच्या अनुवाद या ग्रंथातला पंधरावा अध्याय दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायला सांगतो. अमेरिकेच्या पतअहवालांविषयीच्या 1970 च्या कायद्यानेही बहुतेक प्रतिकूल नोंदी सात वर्षांनी अहवालातून काढायला लावल्या; दिवाळखोरीला आता दहा वर्षं आहेत. सातांचा मेळ योगायोगाचा असेल. पण विसरण्यालाही मुदत हवी, हे दोन्हीकडे मान्य आहे, आणि ते योग्यच आहे. पडलेल्या माणसाला उठायला अवधी लागतो, तसं त्याचं पडणं कधीतरी नजरेआडही व्हावं लागतं.

तरीही नोंद म्हणजे अन्याय, असं म्हणणं बचत गटातल्या बाईवर अन्याय करणारं ठरेल. तिच्या नावावर जमीन नाही, दागिना नाही. वेळेवर भरलेले हप्ते हेच तिचं तारण. शिवाय सुप्याच्या कुळाला सावकाराची वही वाचता येत नव्हती. आजच्या ऋणकोला प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो आणि चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई मिळते. वही उघडून पाहण्याचा हा हक्क फार मोठा आहे, आणि तो फार थोडे वापरतात.

त्या कार्डवाल्याने सोडलेले तीस हजारही पुढे भरले आणि बँकेकडून थकबाकी नसल्याचं पत्र घेतलं, तर ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ करून घेता येतं. हप्ते चुकलेल्या महिन्यांच्या खुणा मात्र अहवालात त्यानंतरही काही काळ दिसत राहतात.